इकडं बघून सांगा

“मॅडम, एक द्या आम्हाला. पण बघा, दिसणार नाही असा द्या.”

हुबळीत गोकुळ रोडवरचे एक कारखानदार मला हे म्हणाले, तेही चहाचा कप पुढे सरकवत, मोठ्या मनानं. अपंगांना नोकऱ्या मिळवून देणं हे माझं काम, आणि त्यासाठीच मी त्यांच्या दारी गेले होते. कुठल्याशा समारंभात भरात येऊन त्यांनी ‘आम्हीही एक अपंग घेऊ’ असं जाहीर करून टाकलं होतं. आता शब्द पाळायचा होता. अपंग माणूस हवा होता, फक्त अपंगत्व नको होतं.

मी म्हटलं, “दिसत नाही असा एक आहे माझ्याकडे. जन्मापासून आंधळा. चालेल?”

त्यांना विनोद कळला नाही. चहा मात्र मी पूर्ण प्याले.

संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे ‘काहीतरी प्रेरणादायी’ मागितलं आहे. तसं माझ्याकडे काही नाही. राग आहे, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो चांगल्या स्थितीत आहे. तोच देते.

आमची संस्था लहान. गोकुळ रोडवर एका लेथच्या वर्कशॉपवर दोन खोल्या. संस्था अपंगांची आणि ऑफिस पहिल्या मजल्यावर, यातली गंमत जिना चढणाऱ्यालाच कळायची. मी रोज चढायची. डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. त्याच्या गुडघ्याशी एक कुलूप असतं. बसताना ते सोडायचं, उभं राहिलं की ते बसतं आणि ‘खट्’ असा आवाज होतो. देवळात, मयताच्या घरी, सभेत, कुठंही मी उभी राहिले की लोक वळून बघतात.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे रिकाम्या जागा हुडकायच्या. जागा सापडतात हो. बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून मी धारवाडजवळच्या बेलूरपासून हुबळीच्या तारीहाळपर्यंत सगळे कारखाने पालथे घातले. खरं काम वेगळंच होतं. समोर खुर्चीत येऊन बसलेला प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत एकच विचारायचा, “अक्का, हे सांगायचं कधी?”

अर्जात लिहिलं, तर बोलावणंच येत नाही. दारात सांगितलं, तर मुलाखत कामाची राहत नाही, दवाखान्याची होते. कसं झालं, कधी झालं, घरात आणखी कुणाला आहे का, लग्नाचं काय? नोकरी लागल्यावर सांगितलं, तर ‘फसवलं’. अन् सांगितलंच नाही, तर रोज सकाळी डब्याबरोबर ते गुपितही घेऊन कामावर जायचं. यातला कुठला रस्ता बरा, हे मला आयुष्यभर विचारलं गेलं. विचारायचं होतं नोकरी देणाऱ्यांना. पण ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेले.

कलघटगीचा निंगप्पा म्हणून एक होता. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, पण मोटर वाइंडिंगमध्ये हात चांगला. त्याला खोटं म्हणून सहन होत नसे. गेटवरच्या वॉचमनला नमस्कार करायच्या आधी तो आपला डोळा सांगायचा. परिणामी वॉचमनच्या पुढं तो कधी गेलाच नाही. शेवटी कंटाळून त्यानं कलघटगीच्या बाजारात पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांनी त्याचे डोळे कधी मोजले नाहीत. कारखान्यांच्या ऑफिसातल्या लोकांना मात्र ते आधी मोजायचे होते.

मला लपवता येत नाही, त्यामुळे माझा प्रश्न सोपा, असं कुणाला वाटेल. मीही एकदा लपवलं होतं. टायपिंगची परीक्षा पास झाले होते, आणि मार्केटमधल्या एका अडत्याच्या पेढीत जागा होती. मी मुद्दाम लवकर जाऊन खुर्चीत बसून राहिले, पाय साडीत झाकून. मालक आले, समोर बसले. आधी आडनाव विचारलं. छप्पन साली राज्यं भाषेवर वाटली गेली त्याच सुमारास आमच्या अप्पांनी धम्मदीक्षा घेतली. धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं, आणि हुबळीच्या बाजारात आडनाव बरोबर वाचता येतं. मालकांनी एक आवंढा गिळला, पण टायपिंग बघून म्हणाले, “बरं. उद्यापासून या.”

आता उठायला हवं होतं. मी बसूनच राहिले. तेही बसून राहिले, मी जाईन म्हणून. शेवटी मी उठले. खट्.

ते म्हणाले, “तसं... बघून कळवतो.”

टाइपरायटर पायानं चालवायचा नव्हता. एका दिवसात आडनाव आणि पाय, दोन्ही गिळणं त्यांना जड गेलं असावं. घरी येताना मी रडले नाही, संतापले. आणि तो संताप घेऊनच पुढं या संस्थेत आले.

आता शोभाची गोष्ट सांगते. मला विचारायचं आहे ते सगळं तिच्या गोष्टीत आहे.

शोभा हुबळीचीच. वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान, मूळचे कोल्हापूरकडचे. लहानपण गल्लीतल्या पोरींबरोबर कन्नडमध्ये भांडण्यात गेलं. मग शाळेत असताना मोठा ताप आला, ताप उतरला आणि कान गेले. यंत्राचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरच्यांनी तिला मिरजेला मामाकडं ठेवलं. तिथं मामीनं तिला समोर बसवून, एकेक शब्द ओठांनी दाखवत, मराठीत ओठ वाचायला शिकवलं. बोलणं तिचं मूळचंच होतं, ते गेलं नाही. थोडा सपाट सूर, इतकंच. समोरच्याचं तोंड दिसत असेल तर ती बहिरी आहे हे तुम्हाला कळायचंही नाही.

ओठ वाचणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांसाठी सांगते. ‘पाय’, ‘माय’ आणि ‘बाय’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. तिन्ही एकच दिसतात. म्हणजे अर्धं बघायचं आणि अर्धं अंदाजानं भरायचं. त्यात आमच्या हुबळीची तऱ्हा अशी, की वाक्य सुरू होतं मराठीत आणि संपतं कन्नडमध्ये. “हे बघा, उद्या आठला बर्री, मत्त दोन फोटो तगोंड बर्री.” म्हणजे आठला या, आणि दोन फोटो घेऊन या. ऐकणाऱ्याला काही वाटत नाही. शोभा मात्र ‘आठला’पर्यंत यायची आणि तिथून पुढं अंधार. कारण मामीनं तिला फक्त मराठी ओठ शिकवले होते.

बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग बनत. तिथं तपासणीला मुलगी हवी होती. हातात गेज घ्यायचा, त्याला दोन टोकं. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर माल पास. कानाचा संबंध नाही. शोभा माझ्यासमोर बसून म्हणाली, “अक्का, मी सांगणार नाही.”

“कळलं तर?”

“सांगून पाच ठिकाणी बघितलं की हो. आता न सांगून एक ठिकाण बघते.”

मी तिला सांग म्हटलं नाही आणि लपव असंही म्हटलं नाही. ठरवणं तिचं, बरोबर जाणं माझं. मी पोरांना खोटं शिकवते, असा आरोप माझ्यावर पुढं झाला. जे दारच उघडत नाहीत त्यांनी खिडकीतून आत येणाऱ्याची चौकशी करू नये, एवढंच माझं उत्तर आहे.

मुलाखत पर्सोनेलच्या साहेबांनी घेतली. धारवाडचे, मराठी छान बोलणारे. मी शेजारी बसले होते, संस्थेचं नाव न काढता. सुरुवात मराठीत झाली, शोभा धडाधड उत्तरं देत होती. मग सवयीनं त्यांचं वाक्य मध्येच कन्नडमध्ये वळलं. शोभाच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. साहेब थांबले. एका क्षणात सगळं जाणार होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “कन्नड गोत्तिल्ल, सर.”

कन्नड येत नाही. आणि तेही परगावचे लोक पहिल्या दिवशी शिकतात त्या थाटात. हुबळीत वाढलेलं पोर ‘बरंगिल्री’ म्हणालं असतं, तिनं बरोब्बर बाहेरचा शब्द निवडला.

साहेब तापले. “इथं जन्मून कन्नड येत नाही? इथलं पाणी पिता, इथं धंदा करता, तुम्ही मराठी लोक असेच!” दोन मिनिटं त्यांनी सुनावलं. शोभानं मान खाली घालून ते झेललं, म्हणजे शेवटचं तिला दिसलंही नसेल. मग ते म्हणाले, शिकून घे, आणि जागा दिली. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा माजोरडी म्हणवून घेणं तिला परवडलं.

आणि पुढं जे झालं त्याचा मला आजही राग येतो, कारण ते इतकं चांगलं होतं.

तपासणीच्या टेबलावर तिच्या समोर गिरिजक्का बसायची. नवलगुंदकडची, वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. ‘मराठी हुडगी’ला, म्हणजे मराठी पोरीला, कन्नड शिकवायचं तिनं मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत शोभाला समोर बसवायची, डबा उघडायची आणि एकेक वस्तू वर धरून, तोंड मोठं करून, हळू विचारायची, “इदक्क एनंतार?” याला काय म्हणतात? मोसरु, म्हणजे दही. बदनेकाई, वांगं. हिंडी, लाल मिरचीची चटणी. चुकलं की पुन्हा. बाकीच्या बायकाही तिच्याशी बोलताना थांबून, समोर येऊन, सावकाश बोलायला लागल्या. सुटीची वेळ झाली की टेबलावर थाप मारून सांगायच्या. सुपरवायझरसुद्धा तिला काम सांगताना दोनदा सांगायचा, हातानं दाखवून.

भाषा येत नाही म्हटल्यावर सगळा कारखाना तिच्यासाठी हळू बोलायला लागला. यातलं काहीही, एवढंसंही, ‘मला ऐकू येत नाही’ म्हणून तिला मिळालं नसतं. पाच ठिकाणी मिळालं नव्हतंच. लोकांना कसं वागायचं ते माहीत नसतं, असं आम्हाला सभांमधून सांगतात. चांगलं माहीत असतं. कुणासाठी वागायचं, ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

शोभा खूश होती. शनिवारी ऑफिसात येऊन मला सांगायची, आज गिरिजक्कानं काय शिकवलं. कायम होण्याची मुदत जवळ येत होती. घरात लग्नाची बोलणी तिच्या कानांपाशी येऊन मोडत होती, आणि भाऊ दुकान एकट्याच्या नावावर करून घेत होता. ही नोकरी कायम झाली तर तिला कुणाच्या तोंडाकडं बघायला लागणार नव्हतं. हे तिचेच शब्द, आणि बोलून झाल्यावर स्वतःच हसली होती.

मग एका संध्याकाळच्या पाळीत वीज गेली. तेव्हा नेहमी जायची. पण त्या दिवशी ढग भरलेले, शेडमध्ये मिट्ट काळोख, मशीन थांबलेली. सुपरवायझरनं सगळ्यांना जागेवर थांबायला सांगितलं आणि एकेक नाव घ्यायला लागला, कुणी मशीनपाशी अडकलं नाही ना बघायला. सगळ्यांनी ओ दिली. शोभानं दिली नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. गिरिजक्का ओरडायला लागली. टॉर्च घेऊन सगळे धावले, तर शोभा आपल्या स्टुलावर धडधाकट बसलेली.

घाबरलेला माणूस चिडतो तसा सुपरवायझर चिडला. टॉर्च तिच्या डोळ्यांवर धरून बोलत राहिला. तिला नुसता उजेड दिसत होता. मग कुणीतरी टॉर्च खाली केला, त्याचं तोंड दिसलं, आणि शोभा एका दमात म्हणाली, “कत्तलाग ननग केळ्संगिल्री, सर.”

अंधारात मला ऐकू येत नाही.

अस्सल हुबळी-धारवाडचं, डब्यावर शिकून न येणारं कन्नड. दोन्ही गुपितं एका वाक्यात बाहेर पडली. गिरिजक्कानं तोंड फिरवलं, हे सगळ्यात वाईट झालं, असं शोभा नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवलं. मी पर्सोनेलच्या साहेबांना भेटायला गेले. ते सभ्य होते, हे मुद्दाम लिहिते. खुर्ची दिली, चहा मागवला.

“मॅडम, अपंगत्वाला आमची हरकत नाही. लपवलं, त्याला आहे. विश्वासाचा प्रश्न आहे. अंधारात काही झालं असतं तर?”

“अंधारात बाकीच्यांना दिसत होतं का?” मी विचारलं.

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

“तिच्या कामात चूक निघाली का?”

“नाही. काम उत्तम आहे.”

“मग एक सांगा. पहिल्या दिवशी ती म्हणाली असती, मला ऐकू येत नाही, तर तुम्ही घेतलं असतं?”

त्यांनी चहाकडं पाहिलं. खोटं बोलले नाहीत. “नसतं.”

“मग तिनं कधी सांगायचं होतं?”

“ते तुम्ही ठरवायचं, मॅडम. तो तुमचा विषय.”

माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका राग दुसऱ्यांदा आला नाही. सांगितलं असतं तर घेणार नव्हते, सांगितलं नाही म्हणून काढत होते, आणि विषय आमचा! गेजला निदान एक टोक आत जाणारं असतं. मी उठले, खट् झालं, आणि त्या दिवशी चहा तसाच टाकून आले.

रविवारी गिरिजक्का माझ्या ऑफिसचा जिना धापा टाकत चढून आली. शोभा तिथंच होती. तिच्याकडं न बघता गिरिजक्का मला म्हणाली, “मॅडम, हिला कन्नड येत होतं म्हणतात. खरं?” आणि मग तिच्याकडं वळून, “मला खुळी केलीस की गं! मोसरु, हिंडी, लहान पोराला शिकवल्यागत शिकवलं तुला. मागनं हसत होतीस काय गं?”

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नजर काढली नाही. काढून चालतच नाही तिला.

“अक्का, माझ्या कानांना येत होतं कन्नड. डोळ्यांना येत नव्हतं. ते तूच शिकवलंस. कान गेल्यापासून माझ्याकडं बघून कुणी कन्नड बोललंच नव्हतं.”

गिरिजक्का पुढं आली. एक खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली आणि तोंडावर उजेड येईल अशी बसली.

“आता सांग,” ती सावकाश म्हणाली. “त्या साहेबाला काय बोलायचं?”

सोमवारी तपासणीच्या टेबलावरच्या सगळ्या बायका मिळून कारखान्याच्या मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. गिरिजक्कानं काय सांगितलं ते तिच्या तोंडून ऐकलेलं असं. इतके महिने आम्ही हिच्याशी समोर बघून बोलतोय, त्यानं तुमचं एक मशीन थांबलं का? तिच्या हातून गेलेला एक तुकडा परत आला का? मॅनेजर हिशेबी माणूस होता. शोभाला परत घेतलं, पण ‘सहानुभूतीनं विचार करून’ मुदत वाढवली. बाकीच्या मुली कायम झाल्या, तिला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. शेडमध्ये वीज गेल्यावर आपोआप लागणारे दिवे बसवले. ते शोभासाठी बसवले, असं आजही सांगतात. बाकीच्यांना इतकी वर्षं काळोखात काम करायची हौस होती जणू.

अखेर ती कायम झाली. आणि पुढच्या एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, मला कारखान्यातून आमंत्रण आलं.

आवारात लाल-पिवळा झेंडा, मांडव, खुर्च्या. व्यासपीठावर पर्सोनेलचे साहेब माइकपाशी, त्यांच्या शेजारी खुर्चीत शोभा, नव्या साडीत. साहेब कारखान्याच्या विशाल अंतःकरणाबद्दल बोलले. आम्ही संधी दिली, आम्ही सामावून घेतलं, मराठी मुलीला आम्ही कन्नड शिकवलं. या ‘आम्ही’त गिरिजक्का कुठं बसत होती कोण जाणे, ती पुढच्या रांगेत होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मग साहेब समोर लोकांकडंच बघत म्हणाले, “शोभा, आता तू एरडु मातु हेळम्मा.” दोन शब्द बोल.

टाळ्या झाल्या. शोभा जागची हलली नाही. तिला बाजूनं साहेबांचा फक्त कान दिसत होता.

साहेब तसेच, लोकांकडं बघून हसत, पुन्हा म्हणाले. मांडवात कुजबुज झाली. गिरिजक्का खूण करायला अर्धी उठली. शोभानं तिला हातानंच थांबवलं. उठली, साहेबांच्या हातातला माइक घेतला आणि त्या सपाट, स्पष्ट आवाजात म्हणाली, “ई कडे नोडि हेळ्री, सर.”

इकडं बघून सांगा.

साहेब वळले. चेहरा लाल झालेला. तिच्या समोर तोंड करून, हळू, त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शोभानं ते शेवटपर्यंत नीट बघितलं.

“एरडु मातु आदूवल्री, सर,” ती म्हणाली. दोन शब्द झाले की, साहेब. आणि माइक त्यांच्या हातात परत देऊन जागेवर जाऊन बसली.

मांडवात कुणाला टाळी वाजवावी की नाही ते कळेना. मी उभी राहिले. त्या शांततेत कॅलिपरचं कुलूप खट् वाजलं, आणि सगळे मागं वळून माझ्याकडं बघायला लागले.

बघू देत.